पुंजाजीने हुंगलेला गाळ

पुंजाजी माळ्याला माती वासावरून कळायची, आणि ही गोष्ट त्याला स्वतःला जरा जास्तच ठाऊक होती. जानेफळच्या आसपास कोणी तळ्यातला गाळ शेतात टाकायला काढला की आधी मूठभर त्याच्याकडे आणायचा. पुंजाजी डोळे मिटून हुंगायचा, बोटांत चुरायचा आणि "टाक" किंवा "राहू दे" एवढंच बोलायचा. मग त्यावर कोणाचं काही चालत नसे.

त्याचा मळा डोंगराच्या पायथ्याशी, नाल्याकाठी होता. मळ्याला लागून पुरुषभर खोल डोह. चैत्रात सगळा नाला आटला तरी डोह आटत नसे. त्याच्यावरच पुंजाजीची मोट चालायची आणि वांगी-मिरची तगायची. डोहात मरळ मासे होते. पावसाळ्यात मरळीच्या लाल पिलांचा घोळका वर आला की त्याची बायको रुखमाबाई भाकरीचा चुरा टाकायची. पिलं सोबत असताना मरळ धरायची नाही, असा वस्तीचा नेमच होता.

लढाईच्या वर्षांत सरकारला लाकूड हवं झालं आणि डोंगरावरचं जंगल ठेकेदाराकडे गेलं. साग, धावडा, जे उभं होतं ते आडवं झालं. पुढच्याच पावसाळ्यात नाल्याचा पूर मळ्यात शिरला आणि ओसरताना वीतभर काळा गाळ ठेवून गेला. पुंजाजीने मूठ हुंगली. कुजलेल्या पानांचा दाट वास. एवढा चांगला गाळ त्याने जन्मात हुंगला नव्हता. लोक गाड्या जुंपून कोसभर लांबून जे आणतात, ते याच्याकडे घरपोच आलं होतं. त्या वर्षी वांग्यांनी झाडं वाकली, आणि पुंजाजी बाजारात छाती काढून हिंडला.

"डोह अजून गढूळ हाय," रुखमाबाई म्हणाली. "यंदा पिलं दिसलीच नाई."

"दिसतील," पुंजाजी म्हणाला.

हिवाळ्यात जंगलखात्याचा एक साहेब चावडीवर आला. उरलेल्या कड्यावरची आणि नाल्याकाठची झाडंही तोडायची होती. गावाची हरकत आहे काय, म्हणून त्याने विचारलं. सगळे पुंजाजीकडे पाहू लागले. माती कळणारा तोच ना.

"तोडू द्या," पुंजाजी म्हणाला. "वरचं सोनं आपल्या वावरात येऊन राह्यलं. आपलं काय जाते?"

लोक हसले. साहेबाने लिहून घेतलं.

दुसऱ्या पावसाळ्यात पिवळी माती आली. पुंजाजीने हुंगली तर तिला वासच नव्हता. त्याने मान वर करून उघड्या डोंगराकडे पाहिलं. डोंगराने पिढ्यान्‌पिढ्या साठवलेलं सगळं पहिल्याच वर्षी उतरून आलं होतं, आणि वर आता काही उरलं नव्हतं. तिसऱ्या वर्षी मुरूम आणि गोटे आले. डोह काठोकाठ बुजला. चैत्रात मोट कोरडी लोंबत राहिली आणि वांगी उभ्या उभ्या वाळली.

नवराबायकोने महिनाभर डोह उपसला. तळाच्या चिखलात एक मरळ सापडली, कल्ल्यांत पिवळी माती दाटलेली. रुखमाबाईने ती घागरीत ठेवून दोन दिवस चुरा घातला. तिसऱ्या दिवशी मरळ उलटी तरंगताना दिसली, तेव्हा तिने घागर पालथी घातली. पहिल्याच पावसाने उपसलेलं सगळं एका दुपारी पुन्हा भरून टाकलं.

त्याच पावसाळ्यात पलीकडच्या खोऱ्यातला तुळशीराम फडक्यात मूठभर गाळ घेऊन आला. त्यांच्या डोंगरावरही तोड सुरू झाली होती, आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या चावडीवर साहेब यायचा होता.

"हुंगून पाहा, पुंजाजीबुवा."

पुंजाजीने हुंगला. तोच वास, तोच काळा मऊपणा.

"हरकत घ्या," तो म्हणाला. "सगळे मिळून घ्या. हे एकाच सालाचं हाय. मंग तुमचा नाला मरते. माह्या डोहाकडं पाहा."

तुळशीरामने बुजलेल्या डोहाकडे पाहिलं, मग पुंजाजीकडे. "तुमच्याकडं आला तवा सोनं होतं," तो म्हणाला. "आमच्याकडं आला तं काऊन खराब झाला?"

तुळशीरामने फडकं झटकून खांद्यावर टाकलं आणि वाट धरली.

पुंजाजीच्या हाताला तो वास तसाच राहिला होता. त्याने हात धोतराला पुसला, पुन्हा पुसला, आणि जेवायला बसला नाही.