जंतू नसलेली जखम

साठ सालाच्या आसपास मी अमरावतीच्या एका इस्पितळात रक्त-लघवी तपासायचं काम शिकत होते. त्या हिवाळ्यात माझे काका तिथेच दाखल झाले. अकोल्याच्या कापसाच्या जिनिंगमध्ये यंत्रात सापडून त्यांचा उजवा हात कोपरापर्यंत चिरडला होता. हात काढावा लागेल, असं डॉक्टर म्हणाले. काका तयार होईनात.

जखमेचा नमुना मीच सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. एकही जंतू दिसला नाही. मी धावत वॉर्डात जाऊन काकांना ते सांगितलं.

"मंग काहून कापतेत हात?" ते म्हणाले. "मले तं दुखूनबी नाही राहिला."

दोन दिवस त्यांनी संमती दिली नाही. ताप चढत गेला, सूज खांद्यापर्यंत आली. जंतू नसताना हे कसं, असं मी डॉक्टरांना विचारलं.

"मेलेल्या पेशी फुटतात आणि त्यांच्या आतलं बाहेर सांडतं," ते म्हणाले. "शरीर त्यावरच तुटून पडतं, त्यात चांगलं मांसही सापडतं. तो हात अंगाला आहे तोवर हे थांबायचं नाही."

मी काकांपाशी बसून सगळं सांगितलं.

"आदी सांगतलं असतं तं," काका एवढंच म्हणाले आणि डाव्या हाताचा अंगठा कागदावर उमटवला.

हात काढला, पण तोवर मूत्रपिंडं निकामी होऊन लघवी बंद झाली होती. चौथ्या दिवशी ते गेले. काकूने मला कधी दोष दिला नाही. तिला यातलं काही ठाऊकच नव्हतं, आणि मीही तिला सांगितलं नाही.