वाशीमातली समुद्रफुलं

किस्से जमवायला जाऊ नये. एखाद्या खोलीत चार-पाच वर्षं बसा, कान उघडे ठेवा, ते आपोआप अंगावर साचतात. जिनिंगच्या कारखान्याशेजारी राहणाऱ्याच्या अंगावर रुई साचते ना, तसे! फरक एवढाच, की रुई झटकली की जाते. माझे किस्से झटकले जात नाहीत आणि आठवले की अजून डोकं तापतं.

मी वाशीमच्या एका हायस्कुलात ड्रॉइंग मास्तर होतो. दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या जरा आधीची गोष्ट. ड्रॉइंगला वेगळी खोली नव्हती, म्हणून माझे कागद, रंग, पेन्सिली सगळं सायन्सच्या खोलीत. आणि त्या खोलीत राज्य नारायण इंगोलेचं.

इंगोले जवळच्याच रिठद गावचा. घरी वांग्या-मिरच्यांचा मळा. पोरगा हुशार निघाला, नागपूरला शिकला आणि सायन्स मास्तर होऊन परत आला. ट्रंकेत कपडे थोडे आणि धोतरात गुंडाळलेल्या काचेच्या दोन बरण्या! कॉलेजच्या सहलीत तो रत्नागिरीच्या किनाऱ्यावर गेला होता, तिथून त्याने समुद्रफुलं आणली होती.

समुद्रफूल म्हणजे फूल नव्हे, जनावर. एका जागी बसून राहतं, तोंडाभोवती पाकळ्यांसारखी बोटं पसरतं. त्या बोटांत डोळ्यांना न दिसणाऱ्या डंखपेशी असतात. प्रत्येक पेशीत एक कुपी, कुपीत गुंडाळलेला दोरा. बारीक मासळी घासून गेली की दोरा सटकन बाहेर येतो आणि मासळी खलास!

इंगोलेच्या एका बरणीत खडकाला चिकटणारी होती, दुसरीत वाळूत रुतून बसणारी. स्पिरिटात दोन्हींचा रंग उतरला होता, अंगं आक्रसली होती. बघणाऱ्याला दोन्हीकडे सारखेच पांढुरके गोळे दिसत. पण इंगोले छातीवर हात ठेवून सांगे, "ह्या दोन येगळ्या जाती हायेत. रंग गेला, आकार गेला, पन डंखाची कुपी बदलत नाही. तिच्यावरूनच ओळखाले येते." बाकी सगळं जग म्हणे, एकच. हे दोन आहेत, एवढं कोणीतरी जाणत्या माणसाने कबूल करावं, यातच इंगोलेचा सगळा जीव अडकला होता.

आता सांगा, यात कोणाच्या बापाचं काय जात होतं? पण नाही!

*

पहिला मान हेडमास्तरांचा. देशमुख हेडमास्तर म्हणजे मोठं प्रस्थ. फेटा कडक, आवाज त्याहून कडक. इंगोले रुजू झाला त्याच आठवड्यात ते खोलीत आले, बरण्यांसमोर उभे राहिले आणि नाकाला उपरणं लावलं.

"इंगोले, वाशीमात समुद्र हाये का?"

"नाही साहेब."

"मंग हे शाळेत कायले?"

इंगोले नवा होता, पण गप्प बसणारा नव्हता. म्हणाला, "वाशीमात सिंहबी नाही साहेब, पन आपल्या पुस्तकात हाये."

हेडमास्तर दारापर्यंत गेले, वळले आणि म्हणाले, "पुस्तकातला सिंह वास मारत नाही!"

पोरं हसली. मीही हसलो असतो, पण इंगोलेचं तोंड बघून हसू गिळलं.

*

काम कसं चालायचं ते सांगतो. खोलीला वीज नव्हती. खिडकीत मायक्रोस्कोप, त्याच्या खालचा आरसा उन्हाकडे वळवलेला. इंगोले चिमट्याने बोटाचा बारीकसा तुकडा तोडणार, काचेवर ठेवणार, वरून पातळ काच दाबणार. मग एकदा तो बघणार, एकदा मी बघणार, आणि मी चित्र काढणार. खडकावरच्याच्या कुपीत नुसता दोऱ्याचा गुंडाळा. वाळूतल्याच्या कुपीत आधी एक सरळ दांडी, मग दोरा. एकदा दिसलं की पुन्हा विसरू म्हटलं तरी विसरता येत नाही. कुपीच नाही, ज्या जनावराचा तुकडा घेतला त्याचंही चित्र मी आधी काढून, खाली खडक की वाळू ते लिहून ठेवत असे. इंगोलेची शिस्तच तशी.

एकदा संस्कृतचे शास्त्रीबुवा आले. म्हणाले, "बघू तुमचे डंख." एक डोळा मिटून बराच वेळ नळीला लावून बसले. मग उठले आणि गंभीरपणे म्हणाले, "फारच दाट आहेत. काळे, लांब, टोकाला वळलेले."

इंगोले गोंधळला. कुपी तर बिनरंगी! त्याने स्वतः पाहिलं, मग शास्त्रीबुवांकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाला, "बुवा, त्या तुमच्या पापण्या होत्या."

यात हसण्यासारखं काही असेल तर हसा. पण शास्त्रीबुवांनी संध्याकाळच्या आत गावभर काय सांगितलं? "इंगोले दिवसभर नळीतून स्वतःच्या पापण्या मोजतो आणि पगार घेतो!"

*

शेलूबाजारहून बैलांची एक दमणी थेट शाळेच्या आवारात आली. आत एक गडी विव्हळत होता, त्याला विंचू चावला होता. बरोबरच्या भावाने ओरडून विचारलं, "डंखाचे मास्तर कोन्त्या खोलीत बसतात?"

आणि त्यांना आमच्या खोलीत कोणी पाठवलं असेल? खुद्द हेडमास्तरांनी!

इंगोले हात जोडून म्हणाला, "बाप्पा, माहा डंख समुद्रातला हाये. विंचवाचं मले काही समजत नाही. याले दवाखान्यात न्या."

"समुद्रातला असन," भाऊ म्हणाला, "पन डंखच हाये ना?"

समजावून सांगता सांगता इंगोलेचा घसा बसला. तेवढ्यात त्या गड्याने, दुखण्याच्या भरात की कुतूहलाने कोण जाणे, मायक्रोस्कोपला डोळा लावला. मग आम्ही दोघांनी त्याला अक्षरशः उचलून दमणीत घातलं आणि सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी सुई टोचली, गडी बरा झाला.

चार दिवसांनी तो भेंड्यांची टोपली घेऊन हजर! डॉक्टरांकडे नाही, आमच्याकडे! म्हणाला, "सुईनं काय होते मास्तर? तुमच्या नळीत पाह्यलं अन् तवाच डंख उतरून राह्यला होता."

त्यानंतर महिनाभर आमच्या दारात विंचू चावलेल्यांची रांग. प्रत्येकाला हाकलून दवाखान्यात पाठवताना इंगोले रडकुंडीला आला. आणि हेडमास्तर? पालकांच्या सभेत छाती फुगवून सांगत होते, "आमच्या शाळेत सायन्सचा जनतेले उपयोग होऊन राह्यला!" समुद्रफुलांविषयी त्यांनी काढलेला हा एकमेव चांगला शब्द. तोही खोटा!

*

इंगोलेचं लग्न ठरवायला आम्ही रिसोडकडे एका घरी गेलो होतो. माणसं खाऊनपिऊन सुखी. पोहे झाले, सुपारी झाली. मुलीच्या मामांनी विचारलं, "जवाईबापू शाळेशिवाय दुसरं काय करतात?"

इंगोले खुलला. असं कोणी विचारलं की तो खुलायचाच. त्याने दोन बरण्या, कुप्या, दोरे, दांडी, सगळं सांगितलं. मी मागून त्याचं धोतर ओढत होतो, पण तो थांबेना.

मामांनी नीट ऐकून घेतलं. "औषधाले लागते का ते?"

"नाही."

"खाता येते?"

"नाही."

"जिते हायेत?"

"नाही, मेलेले हायेत. स्पिरिटात."

मामा मुलीच्या बापाकडे वळून म्हणाले, "दोघं गुमान मरून पडले, अन् हे त्यायची वाटनी करून राह्यले! असा मानूस घरात घेतला तं आपल्या भावा-भावात काय ठेवन?"

सोयरीक मोडली! मला इतका संताप आला, की परतीच्या वाटेवर मी एकटाच बडबडत होतो. इंगोले म्हणाला, "जाऊ द्या बापूभाऊ. मामांनं दोन हायेत हे तं मानलं."

*

मानायचं ज्यांनी, त्यांनी मात्र मानलं नाही. सुट्टीत आम्ही दोघं नागपूरला त्याच्या जुन्या प्रोफेसरांकडे गेलो. बगलेत माझी चित्रं, पिशवीत तुकड्यांच्या काचा, म्हणजे स्लाइडी. प्रोफेसर विद्वान माणूस, त्याबद्दल वाद नाही. पण चित्रं बघण्याआधीच हसले.

"वाशीमहून समुद्राचं संशोधन? वा!"

मग त्यांनी चित्रं पाहिली, स्लाइडी पाहिल्या आणि बाजूला सारल्या. "इंगोले, कुठली स्लाइड कुठल्या बरणीतली हे तुला आधीच ठाऊक आहे. ठाऊक असलं की माणसाला हवं ते दिसतं. बरणी न बघता ओळखून दाखव, मग बोलू. मला विचारशील तर दोन्ही एकच."

म्हणजे हा माणूस वर्षानुवर्षं डोळे फोडतो, आणि यांनी त्याला खोटं पाडायला चहा निवायचीही वाट पाहिली नाही! मी बोलणार होतो, इंगोलेने माझा हात दाबला.

परतताना गाडीत तो एकच वाक्य बोलला. "बापूभाऊ, सरांचं म्हननं बरोबर हाये. पन आपलं आपल्यालेच बरणी न पाहता कसं काढता येईन?"

*

आता शेवटचा. हा सांगताना मला उभं राहावंसं वाटतं, इतका राग आहे.

शाळेच्या स्नेहसंमेलनाला पाहुणे म्हणून तेच प्रोफेसर यायचे ठरले. हेडमास्तरांची लगबग विचारू नका. भिंतींना चुना, दाराला तोरणं, पाहुण्यांना दाखवायला सायन्सच्या खोलीत मांडामांड. आदल्या दिवशी इंगोले आणि मी रिठदला गेलो होतो, त्याच्या आईला ताप होता.

सकाळी येऊन बघतो, तर टेबलावर एकच बरणी! काठोकाठ भरलेली, आत सगळे गोळे एकत्र.

इंगोले टेबलाखाली वाकून बघू लागला. मीच ओरडलो, "दुसरी कुठं आहे?"

हेडमास्तर प्रेमाने म्हणाले, "अहो, एकच जिनस पाहुण्यायले दोन-दोनदा कायले दाखवा लागते? एकात टाकले. दुसरी धुवून घेतली, कामी आली." आणि त्यांनी बोट दाखवलं. पाहुण्यांच्या खुर्चीसमोर, नक्षीच्या रुमालावर, दुसरी बरणी होती. तिच्यात झेंडूची फुलं!

इंगोले मटकन बाकावर बसला. मी त्याला हलवलं. "अरे, रडू नको. माझ्याकडे एकेकाचं चित्र आहे. कोणाची कड फाटली, कोणाचं बोट कुठून तोडलं, सगळं काढलेलं आहे. मी आत्ता वेगळे करून देतो!"

त्याने मान वर केली. डोळे पाणावलेले, पण आत काहीतरी पेटलं. "नाही! बापूभाऊ, मले सांगू नका. एक शब्दबी सांगू नका!"

प्रोफेसर आले. इंगोले त्यांच्यासमोर उभा राहिला आणि म्हणाला, "सर, तुमी म्हटलं होतं, बरणी न पाहता ओळख. आता बरणीच राहिली नाही. घ्या परीक्षा."

खोलीत दोन्हीकडून लिहिता येणारा, फिरणारा फळा होता. मी बरणी आणि चित्रं घेऊन फळ्यामागे बसलो. चित्राशी ताडून मी एकेक जनावर ओळखायचो, मागच्या बाजूला खडूने लिहायचो, खडक की वाळू, आणि बोटाचा तुकडा काचेवर ठेवून पुढे द्यायचो. पुढे इंगोले खिडकीशी. नळीला डोळा लावून तो सांगायचा, आणि प्रोफेसर स्वतःच्या हाताने पुढच्या बाजूला लिहायचे.

"दांडी हाये. वाळूतला."

"नुसता दोरा. खडकावरचा."

बाहेर संमेलनाची पेटी वाजत होती, कोणीतरी दोनदा बोलावून गेलं. प्रोफेसर जागचे हलले नाहीत. बरणी रिकामी झाली तेव्हा माझी बोटं स्पिरिटाने पांढरी पडली होती. माझ्याकडचं मला माहीत होतं, पुढे काय लिहिलंय ते दिसत नव्हतं.

प्रोफेसरांनी फळा फिरवला. वाचला. पुन्हा फिरवला. वाचला. वरपासून खालपर्यंत एकाही ओळीत फरक नव्हता!

मग त्यांनी खडू खाली ठेवला, हात पुसला आणि इंगोलेच्या खांद्यावर ठेवला. "दोन आहेत," ते म्हणाले. "इंगोले, दोन आहेत. तुझ्या नावाने लिही, मी स्वतः पुढे पाठवतो. आणि माझं चुकलं."

इंगोले रडला. मी रडलो. दारात हार घेऊन उभे असलेले हेडमास्तर देशमुख पुढे आले. त्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद, की मला वाटलं, चला, या माणसालाही अखेर समजलं! त्यांनी प्रोफेसरांच्या गळ्यात हार घातला, इंगोलेची पाठ थोपटली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले,

"म्हंजे एका बरणीतबी बराबर ओळखू येतात! मंग इतके वर्षं दोन बरण्या कायले अडकवून ठेवल्या होत्या?"