वाढत्या पायाचे बूट

मी लिहावं की नाही, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, त्यामुळे मला सगळं लिहिता येतं असं घरच्यांना वाटतं. तसं काही नाही. शिवाय विषयही फार लहान आहे, दीड वर्षाच्या एका मुलीचे बूट. त्यासाठी वाचणाऱ्याचा वेळ घेतो आहे, याची आधीच माफी मागतो. पण तो उन्हाळा माझ्या मनातून जात नाही.

मुलगी माझ्या ताईची. ताईचं सासर घनसावंगीकडच्या एका खेड्यात, आणि मी शिकायला जालन्यात खोली करून राहतो. भाची पहिल्यांदा चालली तेव्हा ताईने सगळ्या गल्लीत साखर वाटली. आमच्या आईने आठवडी बाजारातून नातीला शिट्टीचे बूट घेतले, पाऊल टाकलं की चूंचूं वाजणारे. आईने घेतले म्हणजे वाढत्या पायाचे, हे सांगायलाच नको. आमच्याकडे मापाचं असं कधी कुणाला मिळालंच नाही. माझा शाळेचा शर्ट पहिल्या वर्षी मांड्यांपर्यंत लोंबायचा आणि अंगाला बराबर बसेपर्यंत विटून जायचा. लेकरू वाढणारच, या भरवशावर आई सगळं घ्यायची. त्या बुटांच्या पुढच्या टोकात तिने कापसाचे बोळे कोंबून दिले होते.

त्याच बुटांत भाची ओट्याच्या पायरीवरून पडली. बूट पायरीवर अडकला आणि पाय त्यातून निघून पुढे गेला. ओठ फुटला, रक्त आलं, थोड्या वेळाने थांबलंही. पण त्यानंतर ती उभी राहीना. उभं करायला गेलं की पाय पोटाशी घ्यायची आणि किंचाळायची. पुन्हा रांगायला लागली. आठवड्यामागून आठवडे गेले.

नजर लागली, असं ताईच्या सासूबाईंनी ठरवलं. चाललेलं गल्लीभर सांगत फिरलीस, आता भोग, असं त्या ताईला म्हणायच्या. कधी माहेरच्या बुटांवर खापर फोडायच्या. शेजारच्या बायका तोंडावर विचारायच्या, "पायात खोट तर न्हाई ना पोरीच्या?" ताई फोनवर बोलायची कमी, रडायची जास्त. एकदा म्हणाली, "भाऊ, हिला कोणी पांगळी म्हणलं ना, तर मी काय करून बसेन मला माहीत न्हाई."

शेवटी ताई आणि सासूबाई मुलीला घेऊन जालन्याला आल्या. सासूबाईंना मी मावशी म्हणतो. डॉक्टरांनी पाय हलवून पाहिले, एक्स-रे काढला. हाडं चांगली आहेत, म्हणाले, पोरगी भ्यायली आहे. पाय आत सरकणार नाही असे बूट घाला, मऊ तळाचे, टाचेला घट्ट बसणारे. पुढे अंगठ्याएवढी जागा, त्याहून जास्त नको. आणि माप उभं करूनच घ्या. पुढच्या खेपेपर्यंत उभी राहिली नाही तर संभाजीनगरला मोठ्या तपासण्या कराव्या लागतील.

दवाखान्याच्या दारात ताईने माझ्याकडे पाहिलं. "उभं करून घ्या म्हणे," ती म्हणाली. पोरगी उभी राहत नव्हती, म्हणूनच तर आम्ही आलो होतो.

आम्ही जुन्या जालन्यात गेलो. ऊन डोक्यावर होतं. पहिल्या दुकानात दुकानदाराने वय विचारलं आणि एक नंबर पुढे केला. बूट दिसताच भाचीने अंग कमानीसारखं ताणलं आणि जे रडायला सुरुवात केली, ते थांबेचना. दुसऱ्या दुकानात मी बुटाच्या खोक्याच्या झाकणावर तिचं पाऊल टेकवून पेनाने रेघ ओढायला गेलो. तिने बोटं अशी आत वळवली की झाकणावर पावलाऐवजी मूठ उमटली असती.

"कॉलेजात बूट शिकवत न्हाईत वाटतं," मावशी म्हणाल्या. दुकानातले लोक हसले. मीही हसलो आणि झाकण खोक्यावर परत ठेवलं.

शेठजी समजुतीने म्हणाले, "मोठा नंबर घेऊन जा ना भाऊ. सगळे तोच नेतात. पोरं काय आहे तेवढीच राहतात का?"

"बराबर बोलून राह्यले शेठ," मावशी म्हणाल्या. "कापूस घालू पुढून."

कापूस म्हटल्यावर ताईचा चेहरा असा झाला की मी तिचा हात धरून बाहेर आलो. मावशी मागून बडबडत आल्या. असे आम्ही किती दुकानांत चढलो आणि उतरलो, सांगता येणार नाही. मला एकच दिसत होतं. मी चुकीचा बूट निवडला, ती त्यात एकदा जरी पडली, तर ती पुन्हा कधीच पाऊल टाकणार नाही. आणि ताईला त्या घरात जन्मभर ऐकून घ्यावं लागेल.

गावाकडची शेवटची काळीपिवळी जीप निघायची वेळ होत आली. एका अरुंद दुकानात बाकावर बसल्याबसल्या भाची रडून रडून ताईच्या खांद्यावर झोपली. तिचे पाय सैल लोंबले आणि दिवसभर आवळून धरलेली बोटं हळूहळू उलगडली. मी खाली बसलो. तिच्या तळव्याला माझा तळहात लावला आणि अलगद दाबला. ती उभी राहिली असती तर जमिनीने जेवढं दाबलं असतं, तेवढंच, असा माझा अंदाज. दाबलेलं पाऊल थोडं लांबलं, रुंद झालं. मग मी एकेक जोड घालून पाहत गेलो. एकात टाच उचलली जायची, दुसऱ्यात करंगळी दबायची. एक तपकिरी जोड, बिनशिट्टीचा, टाचेला धरून बसला. पुढे माझा अंगठा टेकवला. अंगठ्याएवढीच जागा होती.

"हे दिवाळीला बी पुरणार न्हाईत," मावशी म्हणाल्या. "वाढत्या पायाचे घ्या."

"नाही पुरले तर नाही पुरले, मावशी," मी म्हणालो. मोठ्या माणसाला असं मी कधी बोललो नव्हतो. मावशींनी तोंड फिरवलं. ताई झोपलेल्या मुलीच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "हेच द्या."

त्यानंतर काहीच कळेना. मी फोन केला की ताई म्हणायची, "हं, हाये तसंच." उभी राहिली का विचारलं तर म्हणायची, "नंतर करते फोन." तो फोन यायचा नाही. डॉक्टरांनी बोलावलेला दिवस आला आणि गेला, पण त्या दाखवायला आल्या नाहीत. मी विचारलं तर ताई म्हणाली, "न्हाई जमलं." संभाजीनगरचं नाव काढायचं धाडस मला झालं नाही. परीक्षा चालू होती. पुस्तक उघडलं की मला ते तपकिरी बूट दिसायचे, पलंगाखाली कोरे पडलेले. बसस्टँडवर उभा राहिलो की मी लहान मुलांच्या पायांकडे बघत बसायचो. त्या बुटांच्या दुकानांवरून जाणंही मी सोडून दिलं. सगळ्यांचं न ऐकता मी माझंच खरं केलं होतं, आणि बहुतेक माझंच चुकलं होतं.

पोळ्याच्या आदल्या आठवड्यात एका अनोळखी नंबरावरून फोन आला. मावशी होत्या. त्यांनी मला आजवर कधी फोन केला नव्हता.

"मामा, कसले बूट दिले ओ तुम्ही?"

"काय झालं मावशी?"

"टाचा पार झिजून गेल्या. पुढून बोटं बी लागून राह्यली. दिवाळीला पुरणार न्हाईत, म्हणलं होतं का न्हाई?"

"झिजल्या?" मी म्हणालो. "कशानं?"

त्यांचा आवाज एकदम खाली आला. "हळू बोला. बाजूला कोणी हाये का तुमच्या?"

"नाही."

"तुमच्या ताईला बी मीच तंबी दिल्ती, एकदा नजर लागली, या खेपेला कोणापाशी तोंड उघडायचं न्हाई म्हणून. तुमच्यापाशी बी न्हाई." मग त्यांचा आवाज पुन्हा चढला. "दुसरे आणा जल्दी. घरात पाय ठरत न्हाई पोरीचा. अन् ऐका, बराबर मापाचे आणा. वाढत्या पायाचे नका आणू."