वामनरावांच्या परसातले फोटो

एका ऑफिसात वर्षानुवर्षं शेजारी-शेजारी बसलं की किस्से न मागता साठतात. देहूरोडच्या लष्करी डेपोत आम्ही चार कारकून. पन्नास साल नुकतंच उलटलं होतं. आता आम्ही कुठंही भेटलो, तरी पाचव्या मिनिटाला वामनरावांचा विषय निघतोच!

वामनराव आमचे हेडक्लार्क. रविवारी क्वार्टरच्या परसात, जास्वंदीपुढे, बॉक्स कॅमेरा घेऊन तासन्‌तास बसायचे. अंगठ्याएवढ्या पाखरांचे फोटो काढायला!

*

त्या कॅमेऱ्यात जवळचं काही स्पष्ट येत नसे. वामनरावांनी आपल्या वाचायच्या चष्म्याची एक काच काढून चिकटपट्टीनं कॅमेऱ्यापुढे बसवली. सोमवारी एक डोळा मिटून रजिस्टर वाचत होते.

साहेबांनी विचारलं, "डोळ्याला काय झालं?"

"काही नाही सर. एक घरी ठेवलाय, ड्यूटीवर!"

*

डेपोच्या आसपास कॅमेऱ्याला सक्त मनाई. कुणीतरी कळवलं आणि वामनरावांना चौकीत नेऊन बसवलं. नोकरी जाणार म्हणून आमचे चेहरे उतरले. रोल धुऊन आला. आठ फोटो, सातांत पानं, एकात शेपटी.

मेजरसाहेब बराच वेळ ती शेपटी बघत राहिले. "बाकीचा कुठंय?"

"उडाला, सर."

कॅमेरा परत मिळाला. अट एकच, परसाबाहेर न्यायचा नाही!

*

तळवड्याचे गेनबा दूध घालायला यायचे. एकदा त्यांच्यादेखत शिंपी पक्ष्याच्या घरट्याकडे धामण सरकली. कॅमेरा तयार, ऊन छान. असा फोटो जन्मात मिळाला नसता. वामनरावांनी कॅमेरा चिखलात टाकला आणि छत्री घेऊन धावले.

"आवं, फोटू काडायचा न्हाई व्हय?" गेनबा ओरडले.

"आत पिल्लं आहेत, गेनबा!"

*

वामनरावांची शकू चार वर्षांची होऊन तापानं गेली होती. एकुलती एक. तिचा एकही फोटो नव्हता. घरात कॅमेरा आला तो त्यानंतर. माणसांचे फोटो ते कधीच काढत नसत, आणि आम्हीही का म्हणून विचारलं नाही.

दर दिवाळीआधी वहिनी शकूचा फ्रॉक धुऊन परसात वाळत घालायच्या. एका वर्षी मी तिथंच पायरीवर बसलो होतो. एक इवलासा शिंजीर पक्षी आला आणि दोरीवरच्या फ्रॉकच्या खांद्यावर बसला. वामनरावांचा हात कॅमेऱ्यावर तसाच थिजला.

वहिनी हलकेच म्हणाल्या, "काढा ना!"

फोटो धुऊन आला. फ्रॉकची शिवणसुद्धा दिसत होती. पक्ष्याच्या जागी मात्र नुसता धूसर फराटा.

"हलला गं तो," वामनराव मान खाली घालून म्हणाले.

वहिनींनी फोटो पदरानं पुसला.

"हलू द्या. ती तरी कधी एका जागी बसली?"