पुनवेची चिंबोरी

गिऱ्हाइकाला रिकाम्या हाताने परत पाठवण्यात जिला मनापासून आनंद होतो अशी कोळीण साऱ्या घाटकोपरात एकच, आमची माहुलची मावशी. मी मूळचा बुलढाण्याकडचा. आमच्याकडे ओढ्यात दगडाखाली सापडतो तो खेकडा. त्याला दुसरं नाव असतं हेच मला ठाऊक नव्हतं. पंधरा वर्षांपूर्वी पहिल्यांदा तिच्या टोपलीपुढे उभा राहून मी ऐटीत विचारलं, "खेकडे कसे दिले?" तिने मला चपलांपासून केसांपर्यंत न्याहाळलं. "खेकडा मी विकत नाय. चिंबोरी विकते."

तिच्या लेखी हे दोन वेगळेच जीव. आत गच्च भरलेली, तळहातावर घेताच वजन कळणारी, ती चिंबोरी. वरून तेवढाच थोराड, तशाच नांग्या परजणारा, पण आत नुसतं पाणी, तो खेकडा. अवसेला चिंबोरी भरते, पुनवेला पोकळ होते, हे बाजारात सगळ्यांनाच माहीत. पण त्यापायी धंद्यावर पाणी सोडणारी हीच. पोटाला अंगठा लावायचा, दबलं की "खेकडा!" म्हणून शेजारच्या बादलीत. एकदा पुनवेला मी हट्टाने दोन नेल्याच. बायकोने एवढं वाटण वाटलं, आणि आम्ही नुसता रस्सा ओरपला. दुसऱ्या दिवशी मावशी अख्ख्या बाजाराला ऐकू जाईल अशी हसली. माणसंही ती याच मापाने मोजते. माझ्या रुबाबदार मेव्हण्याला तिने एका नजरेत खेकडा ठरवलं, आणि खरं सांगतो, ती चुकली नव्हती!

यंदा कंपनीने मला नारळ दिला. घरी सांगायची हिंमत होईना. महिनाभर रोज डबा घेऊन निघायचो आणि बागेत बसून राहायचो. एका मंगळवारी अकराच्या सुमाराला पाय बाजाराकडे वळले. मावशीने हातातला डबा पाहिला, माझं तोंड पाहिलं. "कामावर नाय गेलास?" झालं, सगळं भडाभडा बाहेर पडलं. शेवटी म्हणालो, "मावशी, मीपण खेकडाच निघालो गं."

ती भडकलीच. "गप रे! ह्या बादलीतल्या काय मी फेकून देते? सांजच्याला खाडीत सोडते. भरतात परत. पुनव हाय तुझी, एवढंच. जा घरी, बायकोला सांग."

गेलो. सांगितलं. बायको रडली, मग चिडली, ते नोकरी गेल्याबद्दल नाही, महिनाभर गप्प राहिल्याबद्दल. नोकरी अजून लागलेली नाही. पण तो डबा त्या दुपारी आम्ही दोघांनी एका ताटात वाढून घेतला.