गेमने कंबर विचारली

फॉस्टिन शिंप्याकडे पॅन्ट शिवायला टाकायची तर लाज घरी ठेवूनच जावं लागतं. शिलाई त्याची उत्तम, वायदाही पाळतो. पण कमरेला टेप लावली की आकडा असा खणखणीत सांगतो की तिठ्यावर रिक्षा लावून बसलेली माणसं माना वळवून बघतात. गेल्या गणपतीआधी मी गेलो, तेव्हा माझ्या दोन माजी विद्यार्थिनी ब्लाउजची पिशवी घेऊन दुकानात उभ्या होत्या. त्यांच्यासमोर हा ओरडला, "मास्तर, चाळीस! रिटायर झाल्यापासून खुर्चेतसून उठूक नाय काय?"

मी हळूच म्हटलं, "अडतीस लिही रे, मी कमी करतो."

"मगे कमी करून ये," तो म्हणाला. "मापात मी खोटा बोलणंय नाय."

असा हा फॉस्टिन. गिऱ्हाईक तुटलं तरी चालेल, आकडा तुटता कामा नये.

तो शिंपी आणि मी शाळामास्तर असलो तरी आमची खरी ओळख फुटबॉलची. तरुणपणी आमच्या वाडीची एक टीम होती. भातकापणी झाली की मळ्यातली धसकटं तुडवत आम्ही खेळायचो. फॉस्टिन कॅप्टन, मी उजवीकडचा बॅक, आणि गोलात बाळा, आम्हा सगळ्यांत थोरला. निळ्या जर्सी आणि चड्ड्या फॉस्टिननेच बापाच्या मशीनवर शिवल्या होत्या. त्या साली आम्ही फायनलपर्यंत पोचलो आणि वालावलच्या टीमकडून हरलो. बॉल बाळाच्या दोन पायांमधून गेला. बाळा अजून सांगतो की बॉल मळ्यातल्या मेरेवर, म्हणजे बांधावर, आपटून उडाला. ती मेर गोलापासून चांगलीच लांब होती, पण थोरला माणूस म्हणून आम्ही मान डोलावतो.

पुढे टीम मोडली, लग्नं झाली, बाळा आपल्या काजूच्या बागेत रमला. आता ती टीम फॉस्टिनच्या टीव्हीत राहते.

त्याचा मुलगा ॲल्स्टन दोह्याला हॉटेलात कामाला आहे. एका सुट्टीत तो गेम खेळायचं मशीन घेऊन आला आणि जाताना ते घरीच ठेवून गेला. घरात मशीन आहे आणि ते बंद आहे, हे शिंप्याच्या जिवाला सोसेना. त्याने ते चालू केलं आणि त्यातल्या फुटबॉलच्या गेममध्ये आपल्या मनाने खेळाडू बनवता येतात असा शोध त्याला लागला. त्या दिवसापासून आमचं काही खरं राहिलं नाही. बाहेर दुकान अर्धं उघडं, आत हा बाळाचं नाक शोधतोय. गेमने ठेवलेली सगळी नाकं त्याने लावून बघितली, तेव्हा कुठे एक पसंत पडलं. आमची त्या वेळची मापं त्याला तोंडपाठ आहेत. कोणाची छाती किती, कोणाचा डावा खांदा उतरता, कोणाच्या मांड्या भरलेल्या. बाळाची छाती छत्तीस आणि कंबर तीस, हे तर तो झोपेतही सांगेल.

पण गेम कंबर विचारत नाही. उंची विचारतो, वजन विचारतो, आणि पुढे जातो. ही फॉस्टिनची त्या गेमविषयीची सर्वांत मोठी तक्रार. दरवर्षी फोनवर तो ॲल्स्टनला झापतो, जणू पोरानेच तो गेम बनवलाय. "कंबर इचारणा नाय, असलो कसलो गेम? नुसत्या वजनावरसून माणूस कळता?"

शरीर झालं की गुण द्यायचे असतात. वेग किती, किक किती, बॉल अडवणं किती, सगळं शंभरापैकी. खरी भांडणं तिथे होतात. एकाने गुण वाढवून घ्यायला फणस आणून दिला, दुसऱ्याने बांगडे. फॉस्टिनने फणस खाल्ला, बांगडे तळून खाल्ले आणि गुण होते तिथेच ठेवले. माझा वेग त्याने एकेचाळीस लावलाय. मी जन्मभर पेपर तपासले, इतका कद्रूपणा कोणा पोराशी केला नाही. विचारलं तर म्हणतो, "तू पळायचस तेव्हा माका तुझ्या चपलांचो आवाज आधी येयचो आणि तू मगे." मी बूट घालून खेळायचो, हे त्याला सांगून उपयोग नाही.

आता या गेमची गंमत अशी की तो दरवर्षी नवा निघतो. ॲल्स्टन कोणाबरोबर तरी डिस्क पाठवतो आणि फॉस्टिन ती लावून, कापडाचं ठाण बघावं तशी, आधी नजरेने पारखतो. जर्सीला पळताना ज्या चुण्या पडतात त्यांच्यावर तो खूश असतो. गवत दरवर्षी हिरवं होत जातं, पाऊस पडला की बॉल जड होतो, हेही त्याला मान्य. मग दोष. कॉमेंट्री करणारे दोघे गेल्या साली बोलले तेच बोलतात. गोलकीपर मधेच कोणी न बोलावता गोल सोडून बाहेर येतो. आणि एखाद्या चांगल्या गोष्टीपर्यंत जरा हात पोचला की गेम पैसे मागतो. सगळं झाल्यावर तो निकाल देतो, आणि दरवर्षी एकच: "कापड ताच. बटणां बदलल्यानी."

त्याची बायको फेलिसिदाद दुकानात काज-बटणाचं काम करते. ती यावर मान वर न करता म्हणते, "मगे कशाक होयो दरवर्षी?" पण गेममध्ये बायकांच्या टीमही आहेत, त्यातली एक घेऊन ती रविवारी मिस्साहून आल्यावर फॉस्टिनच्या वाडीला हरवते. त्या दिवशी जेवताना तो फारसा बोलत नाही.

तिच्या प्रश्नाचं उत्तर मात्र मला यंदा कळलं.

झालं असं की उन्हाळ्यात बाळाच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी बजावलं, आता रोज चालायचं, नाहीतर गुडघा धरून बसेल तो कायमचा. बाळा पहिल्या दिवसांत चाललाही. काठी टेकत, शिव्या देत, पण चालला. इकडे शाळेच्या गणवेशांची गर्दी ओसरली आणि पावसात शिलाईचं काम मंदावलं. फॉस्टिन गेममध्ये सीझनमागून सीझन उरकत सुटला. अर्धे सामने तो खेळायचा, अर्धे गेमलाच खेळायला सांगायचा. गेममधले खेळाडू दर सीझनला एका वर्षाने म्हातारे होतात. आमची सगळी टीम टीव्हीत पिकत चालली होती, आणि थोरला म्हणून पहिलं नाव आलं ते बाळाचं. हा गोलकीपर या सीझननंतर निवृत्त होणार, असं गेमने कळवलं.

नेमका त्याच सुमारास बाळा रिक्षाने दुकानात आला. स्टुलावर टेकला आणि हौसेने विचारता झाला, "काय फॉस्टिन, माझा काय चल्ला टीमीत?"

फॉस्टिनने कापडावरून मान न उचलता सांगितलं, "तुझा संपला."

मी तिथेच होतो. बाळाचा चेहरा असा उतरला की मला फॉस्टिनच्या तोंडात कापडाचा बोळा कोंबावासा वाटला. बाळाने काठी घेतली, उठला, त्याच रिक्षात बसून घरी गेला आणि पडवीतल्या खाटेवर आडवा झाला तो झालाच. त्याची बायको सत्यवती आमच्या घरी येऊन रडली. "डॉक्टर सांगता चाला, आणि हे म्हणतत, माझा संपला. फॉस्टिनान सांगल्यान, आणि तो खोटा बोलणा नाय. माणसान काय करूचा, मास्तर?"

मी जाऊन फॉस्टिनला फैलावर घेतलं. तो म्हणाला, "माझा काय चुकला? गेमान सांगल्यान ताच सांगलंय." वर तोंड करून म्हणाला खरं, पण त्याच आठवड्यात त्याने एका शर्टाला दोन्ही बाह्या डाव्या लावल्या. फेलिसिदाद म्हणाली, लग्नापासून असं कधी झालं नव्हतं. माफी मागायची तर आपण खोटं बोललो असं म्हणावं लागेल, आणि बोलला तर तो खरंच होता. गाडी तिथेच अडली होती.

दसरा झाला, नव्या गेमचे दिवस आले. ॲल्स्टनचा फोन आला तेव्हा मी दुकानातच होतो. फोन टेबलावर, आवाज मोठा.

"पप्पा, औंदा नको घेवया," ॲल्स्टन म्हणाला. "सगळे सांगतत गेम तोच आसा. पळताना बरे दिसतत, पाऊस झकास दाखवल्यानी, पण गोलकीपर अजून भायर धावता. किंमत मात्र पुरी. गेल्या वर्षाच्या गेमाक काय झाला?"

फॉस्टिनने कात्री खाली ठेवली. "गेल्या वर्षाच्या गेमात बाळा म्हातारो झालो," तो म्हणाला. "नव्या गेमात सगळे परत पयल्यासारखे होतत."

पोरगा म्हणाला, "धाडतंय, पप्पा."

इतकी वर्षं आम्ही याला हसत होतो. तोच गेम पुन्हा विकत घेणारा खुळा शिंपी. जुन्या गेममधली टीम नव्यात येत नाही, सगळी नाकं परत शोधावी लागतात, हा आमच्या मते त्या गेमचा मोठा दोष. आणि याला तर तेवढंच हवं होतं. मला त्या दिवशी फॉस्टिनची फार माया आली, एकेचाळीस गुण आठवूनसुद्धा.

डिस्क आली ती दिवाळीनंतर. फॉस्टिनने मला बोलावून घेतलं आणि भिंतीकडे बघत म्हणाला, "मास्तर, बाळाक निरोप दी. औंदाच्या गेमान कंबर इचारल्यान. जुन्या मापान चलाचा नाय. माप देवक दुकानात येवक होया, आणि रिक्षान नको. रिक्षात बसान पोट दबता, माप चुकता."

टीव्ही समोर चालूच होता. उंची, वजन, पुढे. कमरेचं नावही नव्हतं. मी चष्मा पुसून पुन्हा बघितलं. फॉस्टिनचे कान लाल झाले होते. मी एवढंच म्हटलं, "सांगतो."

बाळाने खाटेवरून निरोप ऐकला आणि भिंतीकडे तोंड केलं. "खोटा बोलता मेलो."

"मापात?" मी विचारलं.

बाळा खाटेवर उठून बसला. फॉस्टिन मापात खोटं बोलतो हे मानायला त्याचंही मन तयार होईना. शेवटी म्हणाला, "सत्यवती, काठी खंय गो?"

आम्ही मळ्यातून निघालो. भात कापून झालं होतं. बाळा पुढे, त्याच्या मागे प्लास्टिकची खुर्ची घेऊन सत्यवती, मागे मी. दहा पावलं चालला की बाळा खुर्चीत बसायचा, घाम पुसायचा, फॉस्टिनच्या सगळ्या खानदानाचा उद्धार करायचा आणि उठायचा. मधे ती मेर लागली. तिथे तो थांबला आणि काठीने दाखवत म्हणाला, "हयच उडाललो बॉल." मी म्हटलं, हो, इथेच. सत्यवतीने माझ्याकडे डोळे वटारून बघितलं.

दुकानात फॉस्टिन गळ्यात टेप घालून उभा होता. ये नाही, बस नाही. "हुबो रव," म्हणाला. बाळा काठी सत्यवतीकडे देऊन उभा राहिला, श्वास रोखून, पोट आत ओढून. आता एवढे महिने खाटेवर काढलेल्या माणसाचं पोट ओढून ओढून कुठे जाणार? टेप फिरली. रिक्षावाल्यांनी सवयीने माना वळवल्या. टेपेवरचा आकडा मला उभ्या जागेवरून स्पष्ट दिसत होता आणि तो मी इथे लिहिणार नाही.

फॉस्टिन आकड्याकडे बघत राहिला. मग त्याने तोंड वर केलं आणि तिठ्यापलीकडेही ऐकू जाईल अशा आवाजात ओरडला, "तीस!"

फेलिसिदादची सुई बटणातच थांबली. बाळाने मान खाली घालून टेप बघितली, मग फॉस्टिनकडे बघितलं.

"तीस?" त्याने विचारलं.

"तीस," फॉस्टिन म्हणाला. "तेवाची चड्डी अजून होतली तुका. फाल्या छातीचा माप. परवा खांद्याचा. गेम एका दिसात सगळा घेणा नाय. चलत ये."

बाळाचे डोळे भरून आले होते. ते लपवायला त्याने नाक शिंकरलं आणि म्हणाला, "येतंय. नाक तेवढा नीट लाव औंदा."

अशी वेळ पुन्हा येणार नाही हे मला कळत होतं. मी पुढे सरकलो आणि फॉस्टिनच्या खांद्यावर हात ठेवला.

"फॉस्टिन, नवी टीम करतोच आहेस, तर माझा वेग..."

"एकेचाळीस," टेप गुंडाळत तो म्हणाला. "मापात मी खोटा बोलणंय नाय."