मागच्या बाकावरची आस्लाउग

आस्लाउग मोन गेल्यावर सगळ्यांनी हालवार्दला धरलं, तुम्ही तिला जवळून ओळखत होतात, काहीतरी सांगा. हालवार्द गडबडला. ती वर्षभर त्याच्या वर्गात मागच्या बाकावर बसली होती, एवढं खरं. पण तिला भावंडं किती, तिने लग्न का केलं नाही, एकटी असताना ती काय करायची, यातलं त्याला काहीच ठाऊक नव्हतं. त्याने कधी विचारलंच नव्हतं.

पाद्री घडवणारी ती लहानशी शाळा नॉर्वेत, बेर्गनच्या उत्तरेला, फ्योर्डच्या खाडीकाठावर होती. तिथली रीत अशी, की नव्या अध्यापकाच्या तासाला एक जुना अध्यापक वर्षभर मागे बसणार आणि शेवटी त्याला ठेवावं की नाही ते प्राचार्यांना लिहून देणार. हालवार्द बायबलचा जुना करार शिकवायला आला आणि त्याच्या वाट्याला आस्लाउग आली. ती हिब्रू शिकवायची. निवृत्ती जवळ आली होती. तासाला येताना विणकाम घेऊन यायची.

हालवार्दकडे डॉक्टरेट होती आणि धीर नव्हता. सगळा तास तो कागदावरून वाचायचा. मागून सुयांची टिकटिक.

"आस्लाउग, ते विणकाम जरा..." एकदा त्याने विचारलं.

"त्रास होतो?"

"विचार तुटतो."

"तुझा, का कागदाचा?"

फेब्रुवारीत विलापाची स्तोत्रं चालली होती. त्यातलं एक असं, की ते अंधारात सुरू होतं आणि अंधारातच संपतं. मारित नावाच्या विद्यार्थिनीने हात वर केला. तिच्या भावाची मासेमारीची बोट आधीच्या शरद ऋतूत परत आली नव्हती, हे सगळ्यांना माहीत होतं.

"हे आईला वाचून दाखवलं तर चालेल का? ती चर्चमध्ये जात नाही आता. याच्या शेवटी तर उजेडच नाही."

हालवार्दने कागदाकडे पाहिलं. मग हे स्तोत्र कोणत्या शतकात लिहिलं गेलं असावं याबद्दलची चार मतं त्याने एकामागून एक वाचून दाखवली. तिसऱ्या मताला मारितने वही मिटली, जाकीट उचललं आणि ती निघून गेली.

अध्यापकांच्या खोलीत तो भिंतीकडे तोंड करून बसला.

"ईस्टरनंतर मी सोडतोय," तो म्हणाला. "कुठल्यातरी ग्रंथालयात जाईन. पुस्तकं प्रश्न विचारत नाहीत."

आस्लाउगने डबा उघडला. ब्रेडवर तपकिरी चीज होतं. अर्धा तुकडा तिने त्याच्यापुढे सरकवला.

"माझ्या पहिल्या वर्षी एका मुलाने विचारलं होतं, मेलेल्या बाळाच्या आईबापांसमोर काय प्रार्थना करायची. मी त्याला क्रियापद चालवून दाखवलं."

"मग?"

"माझ्या मागे एक म्हातारे बसायचे. म्हणाले, जा आणि त्याला सांग की तू घाबरलीस. मी म्हटलं, उद्या सांगेन."

"सांगितलंत?"

"उद्यापर्यंत तो शाळा सोडून गेला होता. खा तो ब्रेड, आणि जा. मारितची फेरीबोट साडेतीनला सुटते."

मारित धक्क्यावर उभी होती. हालवार्द धापा टाकत पोचला.

"मघाशी मी घाबरलो. म्हणून वाचत सुटलो."

"कळलं ते. कान लाल झाले होते तुमचे."

"तुझ्या आईला काय वाटेल ते मला ठाऊक नाही. पण एक आहे. कित्येक शतकं लोकांनी हे हाताने उतरवून ठेवलं. शेवटी एखादी गोड ओळ चिकटवणं काय अवघड होतं? पण स्तोत्र आपल्यापर्यंत आलं ते अंधारातच संपणारं. इतकं काळंकुट्टही देवासमोर बोलायला चालतं, असं त्यांना वाटलं असणार."

मारित त्याच्याकडे वळली.

"हे वर्गात का नाही सांगितलंत?"

"कागदावर नव्हतं."

ती हसली. आठवड्याने तिने वर्गात सांगितलं, आईने ऐकलं आणि म्हणाली, पुन्हा वाच. त्या तासाला हालवार्दचे कागद पिशवीतच राहिले. सांगायचं काय काय निसटलं देव जाणे, पण तास संपल्यावरही कोणी उठेना.

ईस्टर आला, गेला. त्याने राजीनामा दिला नाही. आस्लाउगने प्राचार्यांना दोनच ओळी लिहिल्या होत्या: "याला ठेवा. घाबरतो अजूनही, पण आता पळत नाही."

पुढे कितीतरी वर्षांनी, गेल्या सप्टेंबरात, ती त्याला किराणा दुकानाच्या दारात भेटली. ती शेवटची भेट ठरली.

"ऐकलं, आता तू मागे बसतोस म्हणे," ती म्हणाली. "कोण आहे?"

"एक मुलगी आहे, ट्रोम्सोची. हुशार आहे. सारखी घड्याळाकडे बघते."

"आणि तू?"

"मध्येच बोलावंसं वाटतं."

"बोलू नकोस."

"नाही बोलत. द्या ती पिशवी इकडे. काय भरलंय एवढं?"

"बटाटे. बसपर्यंतच आण हं."

"बसपर्यंतच," हालवार्द म्हणाला.